गालांच्या पेटीतली काच

सेवापुस्तकाच्या पहिल्या पानानुसार सदर कर्मचारी पुढीलप्रमाणे आहे. पद: कनिष्ठ प्रयोगशाळा परिचर, अस्थायी; अस्थायीपणाचे हे एकोणिसावे वर्ष. लिंग: स्त्री. वय: सत्तेचाळीस. उंची: पाच फूट एक इंच, सरळ उभी राहिल्यास. वर्ण: सावळा, अपवाद दोन्ही हातांची बोटे, जी दुसऱ्या पेरापर्यंत निळी असून नखांच्या कडेला केशरी आहेत. ओळखीची खूण: वरीलप्रमाणे. वैवाहिक स्थिती: विवाहित, पती फिरतीवर. वागणूक: तक्रार नाही. प्रकृती: उत्तम. प्रकृतीचा दाखला दरवर्षी नव्याने देण्यात येतो व त्यासाठी कर्मचाऱ्याचे वजन करण्यात येते.

या बोटांमुळे इस्पितळात तिला सगळे रंगताई म्हणत. साबण, लिंबू, घासणी असं सगळं करून झालं होतं. रंग पेशींसाठी बनवलेला होता आणि हाताची कातडीही शेवटी पेशींचीच असते, त्यामुळे त्याच्या बाजूने काही चूक नव्हती.

तिचं काम तळघरात. वरच्या मजल्यावर बायकांचा दवाखाना होता. तिथे गर्भाशयाच्या मुखावरून एका छोट्या ब्रशने पेशी घेत, त्या काचेवर पसरत आणि काच अल्कोहोलमध्ये टाकून खाली पाठवत. काच कोरी दिसायची, फार तर कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखी. मग रंगताई ती आधी निळ्यात बुडवी, धुवी, मग केशरीत, मग हिरव्यात, मधे मधे अल्कोहोलची आंघोळ, शेवटी पेशी आरपार दिसाव्यात म्हणून झायलीन, आणि वर एक पातळ काच चिकटवून बंद. बारा भांडी आणि एक घड्याळ. घड्याळ बंद पडलं तरी चाले, कारण निळ्यातली चार मिनिटं तिच्या पायांना कळत. एकोणीस वर्षांत तिच्या हातून दोन लाखांच्या आसपास काचा गेल्या असतील. त्यातली एकही तिने मायक्रोस्कोपखाली पाहिली नव्हती. परिचराने मायक्रोस्कोपला फक्त कापड लावायचं, डोळा नाही, असा नियम होता.

डोळा लावायच्या त्या मॅडम. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, पाठीत वाकलेल्या, आणि दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्या. पिणाऱ्या म्हणायचं एवढंच. मॅडम काच लावत, कप बाजूला ठेवत, आणि काच संपेपर्यंत चहावर साय धरे. एखादी काच वाईट निघाली तर चहा तसाच मोरीत जाई. रंगताई कप धुवायला नेताना त्यातला चहा बघे आणि तिला कळे की आज वरच्या मजल्यावर कुणाला तरी बोलावणं जाणार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रोज सकाळी बायकांच्या काचा रंगात घालायच्या आधी एक वेगळी काच रंगवून बघत. रंग शिळा झाला असेल, पातळ झाला असेल, तर चाळीस जणींच्या काचा वाया जायला नकोत म्हणून. या काचेला ना नंबर असे ना नाव, नुसती तारीख. तिच्यावर पेशी कुणाच्याही चालत. म्हणून रंगताई रोज सकाळी एक लाकडी पट्टी घेऊन स्वतःचा गाल आतून खरवडी आणि तो काचेवर पसरी. मॅडम चहाचा कप हातात ठेवूनच ती काच बघत, निळा निळा आहे, केशरी केशरी आहे, की रंगाच्या वहीत सही. मग ती काच एका लांब पेटीत जाई. पेटीवर कुणीतरी कधीकाळी 'गाल' असं लिहिलं होतं. रंगताईचा डावा गाल हा त्या इस्पितळातला सगळ्यात जास्त वेळा तपासलेला अवयव होता, असं मॅडम म्हणायच्या.

बाकीच्या अवयवांचं मात्र तसं नव्हतं.

तिला त्रास सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. अंगावरून जायचं, वास यायचा, आणि नवरा फिरतीवरून येऊन गेला की दोन दिवस थोडं रक्त. नवरा लिफ्ट बसवायचा. एका इमारतीची लिफ्ट बसेपर्यंत तीन-चार महिने तिथेच राही, मग आठ दिवस घरी, मग पुढचं गाव. रंगताईने हे सगळं वयाच्या खात्यावर टाकलं. दमणूकही तिथेच टाकली. संध्याकाळी घरी आल्यावर ती चपला न काढता पलंगाच्या कडेवर बसे, आणि चपला काढायला वाकावं लागेल या विचाराने आणखी थोडं बसे.

भिंतीवर तपासणीचं पत्रक होतं. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीने, वगैरे. ते पत्रक तिनेच चिकटवलेलं. पण तपासणी करायची म्हणजे नोंदणीच्या खिडकीत नाव द्यायचं, नवऱ्याचं नाव द्यायचं, 'तक्रार' या रकान्यात काय ते सांगायचं. आणि त्या खिडकीत तिची मोठी जाऊ बसत होती.

मोठ्या जाऊबाई वाईट नव्हत्या. त्यांची स्मरणशक्ती वाईट होती, म्हणजे अति चांगली होती. लग्नात कुणी काय घातलं होतं, कुणाचं मूल कुठल्या महिन्यात चालायला लागलं, कोण कुणाशी कधीपासून बोलत नाही, हे सगळं त्यांच्याकडे तारीखवार. रंगताईने त्यांच्यासमोर 'तक्रार' सांगितली असती तर ती पुढच्या तीन पिढ्यांना पाठ झाली असती.

म्हणून तिने दुसरा रस्ता काढला. असा रस्ता फक्त त्या तळघरात काम करणाऱ्यालाच सुचला असता.

बायकांच्या दवाखान्यातली सिस्टर तिची मैत्रीण होती. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, पैकी सिस्टर कायम झाली होती आणि त्याबद्दल तिला उगीचच अपराधी वाटे. जेवणाच्या सुट्टीत रंगताई तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "माझी काच घे. कागद नको."

"कागदाशिवाय काच म्हणजे काय? नंबर काय घालू?"

"काही घालू नकोस. तारीख मी घालते."

"आणि रिपोर्ट?"

"रिपोर्ट मॅडमच्या तोंडावर दिसतो मला."

सिस्टर म्हणाली, हे काही बरोबर नाही. रंगताई टेबलावर चढून आडवी झाली होती. सिस्टरने काच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगताईने गाल खरवडला नाही. गालाच्या जागी ती काच रंगात घातली. नेहमीपेक्षा जपून घातली, एवढाच काय तो पक्षपात. मॅडमनी ती उचलली, मायक्रोस्कोपखाली सरकवली, थोडं फिरवलं, आणि सही केली. रंगताई मोरीपाशी भांडी विसळत उभी होती. तिने मोजलं नव्हतं, पण चार मिनिटं ओळखणाऱ्या पायांनी सांगितलं की जेमतेम अर्धं मिनिट झालं.

मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, हे इस्पितळात सगळ्यांनाच माहीत होतं. शेजारच्या गावातले डॉक्टर शंका आली की काचा त्यांच्याकडे पाठवत. वाईट काही असतं तर मॅडम थांबल्या असत्या. थांबल्या नाहीत, म्हणजे नव्हतं. रंगताईने असा हिशेब केला आणि त्या रात्री तिला छान झोप लागली. एकच गोष्ट तिने पाहिली होती आणि हिशेबात धरली नव्हती. त्या अर्ध्या मिनिटात चहाचा कप मॅडमच्या हातातच होता. रंग बघणारा माणूस रंगच बघतो.

काच गालांच्या पेटीत गेली. त्रास चालू राहिला. आता त्रास झाला की ती स्वतःला सांगे, मॅडमनी बघितलंय.

आठ महिने असे गेले.

मग वरून तपासनीस आले. प्रयोगशाळेचा दर्जा तपासायला दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी येई, खुर्च्या मोजी, आग विझवायच्या नळकांड्याची तारीख बघे आणि जेवून जाई. हे तपासनीस नवे होते. तरुण डॉक्टर, रबरी तळव्यांचे बूट, बोलणं हळू. त्यांनी खुर्च्या मोजल्या नाहीत. रंगाची वही मागितली, गालांची पेटी मागितली, आणि म्हणाले, "वर्षभराच्या सगळ्या बघतो."

"सगळ्या?" मॅडम म्हणाल्या. "गालच आहेत हो. तेही एकाच बाईचे."

"तरी."

रंगताई त्या वेळी निळं गाळत होती. रंग गाळताना हात स्थिर लागतो. तिचा होता, कारण त्या पेटीत काय आहे हे ती जवळजवळ विसरली होती. जवळजवळच. डॉक्टरांच्या हातातल्या काचांच्या तारखा जशा मागे जायला लागल्या तशी ती निळ्याऐवजी तिकडे बघायला लागली. साडेअकराला डॉक्टर थांबले. काच काढली, तारीख वाचली, परत लावली.

"मॅडम, हा गाल नाही."

"मग काय आहे?"

"हे खालचं आहे." डॉक्टरांचे कान लाल झाले होते. "गर्भाशयाचं मुख. आणि बरं नाही."

मॅडम आल्या. त्यांच्या हातात कप होता. त्या खुर्चीत बसल्या, डोळा लावला, आणि डोळा न काढता कप ठेवायला जागा चाचपडू लागल्या. टेबलावर जागा नव्हती. कप रंगाच्या वहीवर ठेवला गेला. मग त्या बघत राहिल्या. रंगताई मात्र काचेकडे नाही, कपाकडे बघत होती. वाफ गेली. मग साय धरली. सायीला सुरकुती पडली. तेव्हा तिला तिचा रिपोर्ट मिळाला, आठ महिने उशिराने.

"ही माझ्या सहीची तारीख आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "मी हिला पास केलंय."

"रंगासाठी," डॉक्टर म्हणाले.

"हो. रंग चांगलाच आहे."

पुढचं प्रकरण कामकाजाला धरून झालं. काचेवरच्या त्या तारखेला बायकांच्या एक्केचाळीस काचा होत्या. त्यांच्यातलीच एखादी चुकून चाचणीच्या जागी गेली आणि त्या बाईच्या नावावर दुसरंच काहीतरी नोंदलं गेलं, असाच कुणीही निष्कर्ष काढला असता, आणि डॉक्टरांनी काढला. म्हणजे एक्केचाळीस बायकांना पत्रं जायला हवीत. पुन्हा या, पुन्हा तपासा. कारण लिहायचं नाही, पण तातडीचं आहे असं लिहायचं. मॅडमनी नावांची यादी काढली, त्यावर सही केली आणि नेहमीप्रमाणे रंगताईच्या हातात दिली.

"वर नोंदणीत द्या. आजच टाईप करून आजच टपालात टाका म्हणावं."

ती यादी घेऊन निघाली. तळघरापासून नोंदणीपर्यंत चौतीस पायऱ्या होत्या. अठराव्या पायरीवर सिस्टर भेटली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. इस्पितळात बातमीला लिफ्ट लागत नाही.

"सांगितलंस?"

"नाही."

"अगं, एक्केचाळीस जणी. त्यातल्या निम्म्या तर रात्रभर झोपायच्या नाहीत. एखादीचा नवरा विचारेल, तातडीचं काय आहे, काय लपवतेस."

"माहीत आहे."

"मग?"

"सांगितलं की माझा कागद होणार. कागद झाला की नवऱ्याचं नाव येणार, त्याला बोलावणार. आणि कागद कोण करतं ते तुला माहीत आहे." रंगताई कठड्याला टेकली. "मी इतकी दमलेय ना, की मला वाटतं एक्केचाळीस जणींनी यावं आणि मी घरी जावं."

"आणि तुझं काय? तुझं आतलं?"

उरलेल्या सोळा पायऱ्या रंगताईने यादीची सुरळी करत आणि उलगडत काढल्या.

खिडकीत मोठ्या जाऊबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी यादी घेतली, सरळ केली, आणि कटकट करत टाईप करायला लागल्या. कटकट मशीनची आणि त्यांची, दोन्ही.

"एक्केचाळीस! तुमच्या तळघरात काय खेळ मांडता काय काचांचा, पत्त्यांसारखा? पहिलीच बघ. हिला मी ओळखते. गेल्या वर्षी हिची सासू गेली, आत्ताशी कुठे जेवायला लागली होती. आता हे पत्र गेलं की परत बंद." मशीन चालूच. "दुसरी... ही तर बाळंतीण असेल आता."

"जाऊबाई."

"काय गं? उभी काय राहिलीस, जा. झालं की पाठवते."

"पत्रं नका करू."

"मी कोण न करणारी? सही आहे ना मॅडमची."

"ती काच त्यांच्यातल्या कुणाची नाही." रंगताईने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. निळी बोटं फळीवर ठेवल्यावर आणखी निळी दिसली. "माझी आहे. मीच घातली होती, गालाच्या जागी. तुमच्याकडे नाव द्यायचं नव्हतं म्हणून."

मशीन थांबलं. जाऊबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याने निमूट उभं राहायचं, असा घरातला अनुभव होता.

"माझ्याकडे का नाही?"

"तुम्ही लक्षात ठेवता."

बराच वेळ जाऊबाई चष्म्याच्या काचा पदराने पुसत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी मी तपासणी केली. इथे नाही. दोन बस बदलून गेले, पलीकडच्या जिल्ह्यात. घरी सांगितलं, मैत्रिणीच्या मुलीचं बारसं आहे."

"का? तुम्ही तर इथेच बसता."

"बसते, म्हणूनच. काचेवर नाव असतं. आणि काच कोण रंगवतं?" त्या थांबल्या. "म्हटलं, तू बघशील. काय बघशील कोण जाणे. पण बघशील."

"मला बघायची परवानगी नाही, जाऊबाई. मी नुसती बुडवते."

"मला काय माहीत!"

मागे रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, खिडकी चालू आहे का. जाऊबाई म्हणाल्या, नाही. मग त्यांनी मशीनमधलं पत्र ओढून काढलं, चार तुकडे केले, आणि नवा कागद घातला.

"नाव माहीत आहे. वय माहीत आहे. नवऱ्याचं नाव तर माझ्या सासूनेच ठेवलंय." बोटं चालत होती. "तक्रार काय?"

रंगताईने सांगितली. जाऊबाईंनी ती जशीच्या तशी टाईप केली, एकदाही मान वर न करता. मग कागद फिरवून सहीला पुढे केला आणि म्हणाल्या, "लक्षात राहणारच माझ्या. त्याला इलाज नाही. पण बोलणार नाही."

हा कागद घेऊन रंगताई खाली आली तेव्हा डॉक्टर जेवायला गेले होते. मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी कागद वाचला. एकोणीस वर्षं ज्या बाईला त्या 'अहो रंगताई' म्हणत आल्या होत्या, तिला म्हणाल्या, "इकडे ये. बस."

खुर्ची मायक्रोस्कोपची होती. रंगताई उभीच राहिली.

"बस म्हणते ना. बघ. तुझीच आहे."

तिने डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग स्वतःच्याच पापण्या, मग एकदम रंग. हे रंग तिला बारा भांड्यांतून माहीत होते, बादलीएवढे. इथे ते वाळूच्या कणाएवढे होऊन बसले होते, ज्याच्या त्याच्या जागी.

"ते नासपतीच्या आकाराचे दिसतात, फिकट? ते जंतू. आणि ज्या पेशींच्या मधल्या ठिपक्याभोवती रिकामं कडं आहे, पुसून काढल्यासारखं, तो विषाणू. म्हणजे विषाणू दिसत नाही, त्याने केलेली जागा दिसते."

"कॅन्सर आहे?"

"नाही. आज नाही. हे त्याच्या कितीतरी आधीचं आहे. आधीचं दिसावं म्हणूनच तर ही काच असते." मॅडमनी कपाळ चोळलं. "जंतू संबंधातून येतो आणि गोळ्यांनी जातो. पण दोघांनी घेतल्या तर. एकाने घेतल्या तर परत येतो. त्याच्यामुळे सूज असते, आणि सुजेत पेशी आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. म्हणून आधी तो काढायचा, मग परत काच. विषाणूही संबंधातूनच येतो. तो जवळजवळ सगळ्यांनाच कधीतरी होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपला आपण जातो. काहींचा राहतो. राहिला, आणि कुणी बघितलंच नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी..." पुढचं त्यांनी कपाटाकडे बघून सोडून दिलं.

"कुणाकडून आला असेल?"

"ते काच सांगत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो. जंतूही महिनोन् महिने लपून राहतो, पुरुषांना तर कळतही नाही. कधीचा, कुणाचा, हे कुठल्याही डॉक्टरला विचारू नकोस. जो सांगेल तो खोटं सांगेल."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी नीट बघायला हवं होतं."

"तुम्ही रंग बघत होतात."

"हो. एकोणीस वर्षं तुझा रंगच बघितला."

नवरा रविवारी आला. तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं की इस्पितळात यावं लागेल, दहा मिनिटांचं काम आहे. लिफ्ट बसवणारा माणूस इमारतीत शिरला की आधी लिफ्टकडे बघतो. त्याने बघितलं, "दोरी बदलायला झालीय" म्हणाला, आणि जिन्याने वर आला. सिस्टरने दोन पाकिटं टेबलावर ठेवली, एक तिचं सात दिवसांचं, एक त्याचं एकदाच घ्यायचं, आणि काय काय पाळायचं ते सांगितलं. सात दिवस दारू नको, आणि एकमेकांच्या जवळ जाऊ नका. मग तिला बाहेर काहीतरी काम निघालं.

"मला काय झालंय?" तो म्हणाला.

"काही नाही."

"मग गोळ्या कशाला?"

"काही होत नाही ना, म्हणूनच. पुरुषांना कळत नाही म्हणे."

"म्हणजे तुझं म्हणणं, मी आणलं?"

"माझं काही म्हणणं नाही. मॅडम म्हणतात, काचेवर तारीख नसते." स्वतःच्या त्या काचेवर फक्त तारीखच होती, हे तिच्या लक्षात आलं, पण ते समजावत बसायचा तिला कंटाळा आला.

"आणि तुझं काय? तू इथे एकटी असतेस चार-चार महिने."

"मी तळघरात असते."

तो पाकीट उलटसुलट करून मागची बारीक अक्षरं वाचत राहिला, जशी तो एखाद्या मोटरची वाचत असेल. दोघंही आता म्हातारपणाकडे झुकली होती. त्याच्या उजव्या अंगठ्याला लिफ्टच्या दोरीचा जुना वळ होता, तिच्या अंगठ्याला निळा डाग. दोघांच्या हातांवरून दोघांचं काम कळलं असतं, त्यापलीकडे काही नाही.

"सहा वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "त्या धरणाच्या गावात, वसाहतीत राहायचो ना आम्ही, तेव्हा एक..."

"पाणी देऊ?" ती म्हणाली.

तो थांबला. तिने ग्लास भरून पुढे केला. ऐकायचं नव्हतं असं नाही. पण ऐकलं असतं तर त्यावर काहीतरी करावं लागलं असतं, रडावं तरी लागलं असतं, भांडावं तरी, आणि सोमवारी बावन्न काचा होत्या. त्याने गोळ्या तोंडात टाकल्या आणि सगळं पाणी प्यायला. ती त्याचा गळा हलताना बघत होती. मग तिने तिची पहिली गोळी घेतली.

"बाकीचं कधी सांगू?" त्याने विचारलं.

"सांगाल कधीतरी. फिरतीवरून आलात की."

तीन महिन्यांनी दुसरी काच घेतली. या वेळी तिच्यावर नंबर होता, नाव होतं, आणि रंगवायला परिचर एकच असल्यामुळे ती तिनेच रंगवली, बाकीच्यांबरोबर, रांगेतली सतरावी. त्या सकाळचा गालही नेहमीचाच होता. मॅडमनी सतरावीला कप खाली ठेवला. जंतू गेले होते. रिकाम्या कड्यांच्या पेशी होत्या तिथेच होत्या. विषाणूची वेगळी चाचणीही तेच म्हणाली. मग वरच्या मजल्यावर दुर्बिणीतून आत बघितलं, मोहरीएवढा तुकडा काढला, आणि तोही खाली तळघरात आला. बदल सौम्य, असं मॅडमनी लिहिलं आणि तोंडी सांगितलं, "बहुतेक वेळा हे आपोआप मागे जातं. बहुतेक. बघत राहायचं." रंगताईने विचारलं, रोज बघायचं का, गालासारखं? मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी कप उचलला.

तपासनिसांचा अहवाल त्याच महिन्यात आला. त्यानुसार प्रयोगशाळेच्या रंगाचा दर्जा वर्षभर उत्तम आढळला. सोबत रंगताईसाठी वेगळं पत्र होतं. सदर कर्मचाऱ्याने काच एक, ब्रश एक व रंग अल्प प्रमाणात, एवढ्या शासकीय साहित्याचा विनापरवाना खासगी कारणासाठी वापर केल्याचे निदर्शनास आले असून, वागणुकीची एकोणीस वर्षांची नोंद लक्षात घेता कर्मचाऱ्यास सक्त समज देण्यात येत आहे. यापुढे चाचणीच्या काचेसाठी केवळ गालाचाच वापर करण्यात यावा. पत्राची प्रत सेवापुस्तकात लावावी. प्रकृतीच्या रकान्यात बदल करण्याचे कारण दिसत नाही. सबब सदर प्रकरण कायमचे निकाली काढण्यात येत आहे.

पत्र जाऊबाईंनी टाईप केलं होतं. पोच म्हणून रंगताईने सही केली, आणि अंगठ्याचा निळा ठसा उगीचच कोपऱ्यात उमटला.

पुढची काच एका वर्षाने आहे.